जातो नव्हे, येतो!

फेसबुकवरचे आपले खाते बंद करायला गेले, की फेसबुक आधी कारण विचारते. रजेच्या अर्जावर साहेब विचारतो तसे. कारणे आपल्याला सुचणार नाहीत म्हणून की काय, त्यांची एक यादीही तयार असते. ‘माझा फार वेळ जातो’, ‘मला इथे सुरक्षित वाटत नाही’, ‘याचा काही उपयोग वाटत नाही’, ‘फार ईमेल येतात’, ‘हे कसे वापरायचे तेच कळत नाही’. वर्षानुवर्षे चालत आलेल्या या यादीत आणखी एक कारण आहे. मूळ इंग्रजी वाक्याचा मराठी अर्थ असा: ‘हे तात्पुरते आहे. मी परत येईन.’

‘परत येईन’ म्हटले की २०१९ सालापासून महाराष्ट्रात लोकांच्या चेहऱ्यावर उगाचच हसू उमटते, ते सोडून देऊ. मला त्या वाक्यात वेगळेच काही ऐकू आले. आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. लहानपणी उंबऱ्यात उभे राहून कुणी चुकून ‘जातो’ म्हटलेच, तर आतून आजीचा आवाज यायचा, ‘जातो काय मेल्या, येतो म्हण!’ हा ‘येतो’ म्हणजे मागे राहणाऱ्यांना दिलेला शब्द असतो. कुठे चाललो, किती वेळाने परतणार, रात्री जेवायला आहे की नाही, हे सगळे त्याच्या पुढेमागे सांगून होते. समाजमाध्यमांवरून रजा घेणाऱ्यांचे जे काही बिनसते, ते बहुधा इथेच बिनसते. माणूस आपल्या निग्रहाचा विचार करतो, आपल्या डोळ्यांचा, झोपेचा, वाया गेलेल्या तासांचा विचार करतो. मागे कोण कोण उभे आहे, याचा करत नाही.

हल्ली अशी रजा घेणारे घरटी एखादा तरी सापडेल. कुणाची परीक्षा असते, कुणाचे दुखणे, कुणाच्या घरी सुतक. कुणी निवडणुकीच्या दिवसांत जुन्या मित्रांशी झालेल्या भांडणांना कंटाळलेला असतो. काही जण रजेवर जाण्याआधी एक निवेदन प्रसृत करतात. ‘मित्रहो, काही काळ इथे नसेन. स्वतःला वेळ द्यायचा आहे.’ मग स्वतःला वेळ देण्याआधी त्या निवेदनाला किती अंगठे आले, हे पाहायला दिवसातून सहा वेळा येऊन जातात. आषाढ शुद्ध नवमीला, म्हणजे कांदेनवमीला, चार महिने कांदा खायचा नाही म्हणून कांद्याची भजी, थालीपीठ, झुणका असा सगळा एकदम समाचार घेतात ना, तशी या मंडळींची आदली रात्र असते. दोन वाजेपर्यंत बोट पडद्यावरून फिरत राहते.

आता ही रजा मिळते कशी, तेही पाहू. निम्मे घोटाळे तिथेच होतात. फेसबुकवर ‘तात्पुरते बंद’ आणि ‘कायमचे काढून टाका’ अशा दोन वेगळ्या वाटा आहेत. पहिल्या वाटेने गेले तर आपले पान, फोटो, लिहिलेले सारे इतरांच्या नजरेआड होते; नष्ट काही होत नाही. आपण लोकांना धाडलेले निरोप त्यांच्याकडे राहतात, आणि मेसेंजर हवा असेल तर चालूही ठेवता येतो. दुसरी वाट कायमची आहे, तरी तिथेही ३० दिवस विचार बदलायला मिळतात. पूर्वी ही मुदत १४ दिवसांची होती, २०१८ मध्ये ती ३० झाली. ‘परत येईन’ हे कारण निवडले, तर किती दिवसांनी खाते आपोआप उघडायचे तेही विचारतात, पण सात दिवसांच्या आतलेच आकडे पुढे करतात. एके काळी तर बंद करायच्या पानावर आपल्याच चार मित्रांचे हसरे फोटो लावून ‘यांना तुमची आठवण येईल’ असे लिहिलेले असे. माहेरी निघालेल्या सुनेच्या पदराला पोरे लोंबकळावीत, तसा तो प्रकार होता.

आणि ही रजा मोडते किती सहज! फक्त आपल्या नावाने आत शिरले की झाले. फेसबुकचे नाव वापरून एखादा खेळ किंवा गाण्यांचे अ‍ॅप उघडलेले असेल आणि आपण विसरून त्यात शिरलो, तरी तिकडे खाते जागे होते. इन्स्टाग्रामवरही तात्पुरते बंद करता येते; मात्र आठवड्यातून एकदाच. रोज रुसायचे आणि रोज परतायचे, असे तिथे चालत नाही. पूर्वीच्या ट्विटरची, म्हणजे आजच्या एक्सची तऱ्हा उलटी. तिथे खाते बंद केले की ३० दिवसांत परत या, नाहीतर ते पुसले जाते. महिन्याच्या वर रजा घेतली तर नोकरीच गेली, असा तो हिशेब आहे.

राहिले व्हॉट्सअ‍ॅप. आपल्या घरांचा सगळा संसार खरे तर त्याच्यावर चालतो, आणि नेमकी तिथेच रजेची सोय नाही. खाते एक तर आहे, नाहीतर काढून टाकलेले आहे. काढून टाकले की सगळ्या ग्रुपांतून नाव जाते आणि जुने संभाषणही जाते. नुसते अ‍ॅप फोनवरून उडवले, तर लोकांचे निरोप एका टिकेवर अडकून राहतात. न पोचलेला निरोप कंपनी ३० दिवस सांभाळते आणि मग टाकून देते. खाते तसेच पडून राहिले तर साधारण १२० दिवसांनी ते बंद समजले जाते. हा आकडा वाचून मी कालनिर्णय काढले. २०२५ साली आषाढी ६ जुलैला होती आणि पंढरपूरची कार्तिकी २ नोव्हेंबरला. मोजले तर ११९ दिवस! देव शेषशय्येवर झोपून वेळेत जागा झाला असता, तर त्याचे व्हॉट्सअ‍ॅप एका दिवसाने वाचले असते. २०२३ मध्ये मात्र अधिक श्रावण आल्याने चातुर्मास पाच महिन्यांचा झाला होता. त्या वर्षी गेलेच असते.

गंमत सोडली, तरी चातुर्मासाची आठवण इथे उगाच आलेली नाही. काही काळ एखादी गोष्ट सोडण्याचे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे वळण आहे. कुणी कांदा-लसूण सोडतो, कुणी वांगे, कुणी एक वेळचे जेवण, कुणी सोमवारी मौन धरतो. या नेमांच्या धार्मिक बाजूत मी शिरत नाही. त्यांची व्यावहारिक रचना मात्र पाहण्यासारखी आहे. सुरुवातीचा दिवस ठरलेला, शेवटचा दिवस ठरलेला. घरात सगळ्यांना माहीत. शेजारणीलाही माहीत, त्यामुळे ती हळदीकुंकवाला आलेल्या या बाईपुढे कांदेपोहे ठेवत नाही. आणि एकट्याने निग्रह करण्याची पाळी क्वचितच येते, कारण आळीतल्या चार घरांतून तेच चाललेले असते.

याच्यापेक्षाही जवळचा दाखला नव्वदच्या दशकातला आहे. केबल टीव्ही तेव्हा नुकताच घरोघर शिरला होता. घरात दहावीचे मूल असले की जून महिन्यात केबलवाल्याला बोलावून वायर काढून टाकायची आणि मार्चमध्ये शेवटचा पेपर झाला की पुन्हा जोडायची, हा मध्यमवर्गीय घरांतला जवळजवळ संस्कारच होता. टीव्हीवर भरतकामाचा रुमाल पडे. कुणी विचारले तर ‘यंदा आमची दहावी आहे’ असे आई सांगे. ‘आमची’ हा शब्द महत्त्वाचा. पोराची दहावी, पण वायर साऱ्या घराची कापलेली. बाबांची क्रिकेटची मॅच गेली, आजीची दुपारची मालिका गेली. त्या पोराचे मार्क त्यामुळे वाढले की नाही, हे सांगता येत नाही. वायर नसलेली घरे नापासही झालेली मी पाहिली आहेत. पण त्या वर्षभराच्या टीव्ही-संन्यासात कुणी एकटे नव्हते.

एकट्याने सोडणे आणि सगळ्यांनी मिळून सोडणे यांत किती अंतर असते, ते अमेरिकेतल्या अर्थशास्त्रज्ञांनी चक्क डॉलरमध्ये मोजले आहे. हंट ऑलकट, मॅथ्यू गेंट्झकाउ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मध्यावधी निवडणुकीआधीचे चार आठवडे काही लोकांना पैसे देऊन फेसबुक बंद ठेवायला लावले. निकाल २०२० साली प्रसिद्ध झाले. फेसबुक सोडलेल्या माणसांना दिवसाचा सरासरी एक तास मोकळा मिळाला. त्या तासात त्यांनी काय केले? नातेवाईक आणि मित्रांना भेटले, हे खरे. पण एकटे बसून टीव्हीही जास्त पाहिला! त्यांचे राजकीय मत थोडे कमी टोकाचे झाले आणि बातम्यांची माहितीही कमी झाली. मन थोडे सुखावले. फार नव्हे, थोडेच. प्रयोग संपल्यावर मात्र त्यांचा फेसबुकचा वापर पूर्वीइतका झाला नाही, बराच कमी राहिला. इतका प्रामाणिक निकाल मला आवडला. फोन ठेवला की माणूस लगेच ज्ञानेश्वरी उघडून बसतो, असे जे आपल्याकडचे व्याख्याते सांगतात, त्यांनी तो जरूर वाचावा.

दुसरा प्रयोग शिकागो विद्यापीठाचे लिओनार्दो बर्स्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, २०२३ सालचा. त्यांनी कॉलेजातल्या मुलांना विचारले, टिकटॉक महिनाभर बंद ठेवायला किती पैसे घ्याल? टिकटॉकवर भारतात २०२० पासून बंदी आहे, पण अमेरिकी मुलांचा जीव त्यात अडकलेला. उत्तर आले, सरासरी ५९ डॉलर. इन्स्टाग्रामसाठी ४७. मग विचारले, आणि तुमच्या कॉलेजातल्या बाकीच्यांनीही बंद केले तर? तेव्हा चित्रच पालटले. सगळेच सोडणार असतील, तर ही मुले पैसे मागेनात; उलट टिकटॉकसाठी २८ आणि इन्स्टाग्रामसाठी १० डॉलर स्वतःच्या खिशातून द्यायला तयार झाली! म्हणजे ज्या गोष्टीला आपण व्यसन म्हणून हिणवतो, तिच्यात बराचसा भाग ‘बाकी सगळे तिथे आहेत आणि मी एकटाच नसेन’ या धास्तीचा आहे. धास्ती गेली की मूल फोन ठेवायला पैसे मोजते.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. तिथल्या लोकांनी हे शिकागोच्या पेपराआधी, २०२२ सालीच ओळखले होते. करोनाच्या काळात शाळा फोनवर भरल्या, तेव्हा ज्या आईबापांनी कधी पोरांच्या हाती फोन दिला नव्हता, त्यांनीही तो नाइलाजाने दिला. शाळा उघडल्या, फोन काही हातातून सुटेना. गावात चर्चा झाली, त्यात बायकांचा पुढाकार होता, आणि ठरले की संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजेल. भोंगा वाजला की घराघरांतला टीव्ही आणि मोबाइल बंद. पोरांनी अभ्यासाला बसायचे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे. साडेआठ वाजता सगळे पुन्हा चालू. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, ग्रामपंचायतीचे कर्मचारी सुरुवातीला घरोघर जाऊन पाहत. देशभरातून पत्रकार तिथे येऊन गेले.

मला या दीड तासातली शहाणीव अशी वाटते, की त्यात कुणी कुणाचे काही चुकवत नाही. सात ते साडेआठ या वेळात माझ्या निरोपाला उत्तर आले नाही, तर ते वडगावात कुणालाही येणार नसते. राग धरायला जागाच उरत नाही. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी या गावाने दुसरा उपाय काढला. अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. हेतू तोच. पण मुलांनी सोडायचे आणि बापाने पारावर बसून पाहत राहायचे, ही गोष्ट मला तरी पटत नाही. भोंगा सगळ्यांसाठी वाजतो, ठराव एकट्या मुलांसाठी होतो. इगतपुरीच्या विपश्यना केंद्रात दहा दिवसांच्या शिबिराला जाणारा दारातच फोन जमा करतो आणि पुढे दहा दिवस त्याची आठवण काढून रडतोय असे दिसत नाही, त्याचेही कारण हेच. आजूबाजूच्या कुणाच्याच हातात तो नसतो.

न मागता मिळालेली एक सामूहिक रजा आपण सगळ्यांनीच अनुभवली आहे. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री साधारण नऊ वाजता फेसबुक, व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम एकदम गेले, ते जगभर सुमारे सहा तास. नेहमीच्या देखभालीच्या कामात दिलेल्या एका चुकीच्या आज्ञेमुळे कंपनीची केंद्रे एकमेकांपासून आणि जगापासून तुटली, असे पुढे कंपनीनेच सांगितले. आपल्याकडे बहुतेकांनी आधी फोन बंद करून चालू केला, मग राउटर, मग इंटरनेटवाल्याला फोन करून त्याचा उद्धार केला. शेजारच्यांचेही गेले आहे असे कळल्यावर मात्र एकदम शांत वाटले. ‘सगळ्यांचीच गेलीय ना? मग ठीक आहे.’ पूर्वी वीज गेली की गॅलरीत येऊन आपण समोरच्या इमारतीकडे पाहायचो, आणि तिथेही अंधार दिसला की निवांत व्हायचो, त्यातलाच हा प्रकार.

आता ज्यांना ही चैन परवडत नाही, त्यांच्याकडे वळू. दिवाळीच्या तोंडावर घरी चकल्या-करंज्यांच्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईने ‘मी महिनाभर व्हॉट्सअ‍ॅपवर नसेन’ म्हणून पाहावे! तिचे दुकान, पाटी, गल्ला सगळे तिथेच. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या गुरुजींना वरून येणारा हुकूम आता कागदाच्या आधी ग्रुपवर येतो. आशाताईंची कामे ग्रुपवर, सोसायटीच्या पाण्याची वेळ ग्रुपवर, तिसरीच्या मुलाचा गृहपाठ ग्रुपवर.

आणि या शेवटच्या ग्रुपात बहुतेक करून असते कोण? आई. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी मोठ्या निर्धाराने महिनाभर सगळी समाजमाध्यमे सोडली. वजन उतरवलेल्या माणसासारखे ते त्याबद्दल भेटेल त्याला सांगत. फक्त रोज रात्री जेवताना बायकोला विचारत, ‘शाळेच्या ग्रुपवर काही आलं का? सोसायटीची मीटिंग कधी आहे? दादाने काही टाकलंय का आपल्या फॅमिली ग्रुपवर?’ ती बिचारी तिन्ही ग्रुप वाचून गोषवारा सांगे. नणंदेच्या मुलीच्या वाढदिवसाला ‘आम्हा दोघांकडून’ शुभेच्छाही तीच टाकी. उपवास त्यांचा आणि साबुदाणा भिजवायचा हिने! घरातल्या एकाने रजा घेतली की त्याची पाळी दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर जाते, हे कचेरीत सगळ्यांना कळते. घरात मात्र कळत नाही. त्या माउलीने रजा मागितली असती तर गोषवारा कुणी सांगितला असता, हा प्रश्न त्या गृहस्थांना मी विचारून पाहिला. ते म्हणाले, ‘तिला तशी फार सवय नाहीये हो फोनची.’

ज्यांची मुले परदेशी आहेत, त्यांची अडचण आणखी निराळी. मेलबर्नला असलेली नात पडद्यावर चालायला लागलेली ज्या आजीने पाहिली, तिला ‘थोडे दिवस फोन बाजूला ठेव’ असे सांगणे हा निव्वळ दुष्टपणा आहे. अशांनी सोडायचे ते सरकत राहणारे पान. व्हिडिओ कॉल नव्हे. दोन्ही गोष्टी एकाच काचेत राहतात म्हणून आपण त्यांना एकच समजतो. ग्रुपांचा आवाज बंद ठेवण्याची सोय तर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहेच. तिथे पर्याय तीन: आठ तास, एक आठवडा आणि कायम. आठवडा आणि कायम यांच्या मध्ये त्यांना काही सुचलेले नाही. श्रावण महिना किंवा मुलीचे बाळंतपण असे काही त्यांच्या हिशेबात नसावे.

न सांगता घेतलेल्या रजेचा अर्थ आपल्या समाजात एकच निघतो, आणि तो म्हणजे राग. धाकट्या जाऊबाई चार दिवस ग्रुपवर बोलल्या नाहीत, की थोरल्या जाऊबाई गेल्या पंधरवड्यातले सगळे संभाषण वर सरकवून पाहू लागतात. आपण काय बोललो? मुंजीच्या फोटोत तिचा फोटो राहिला म्हणून का? ग्रुप सोडणे तर याहून गंभीर. पूर्वी एखाद्याने ग्रुप सोडला की तशी ओळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर उमटे. भरल्या पंगतीतून ताट सारून उठावे तसे ते दिसे. २०२२ पासून ती बातमी फक्त अ‍ॅडमिनला कळते. त्यामुळे भांडणे कमी झाली की नुसती उशिरा होऊ लागली, हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे.

वयस्कर माणसांच्या बाबतीत राग नव्हे, काळजी. रोज सकाळी सहाला गुलाबाचे फूल आणि ‘शुभ सकाळ’ पाठवणाऱ्या काका-मावशींची तरुण मंडळी फार टिंगल करतात. फोन त्या फुलांनी भरून वाहतो, हे खरे. पण माझ्या मते ती हजेरी आहे. ‘आज उठलो. हातपाय चालताहेत.’ एवढाच त्या गुलाबाचा मजकूर. एकटे राहणाऱ्या एखाद्या आजोबांचे फूल नऊ वाजेपर्यंत आले नाही, की पुण्यातली भाची शेजाऱ्यांना फोन करते. अशा माणसाने न सांगता रजा घेतली, तर दाराचे कुलूप तोडायची वेळ येईल.

यावरून आमच्या परिचयातल्या एका निवृत्त शिक्षिकेची हकिगत सांगतो. बाईंनी २०२५ च्या आषाढीला फेसबुक बंद केले, ते कार्तिकीपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुपही गप्प करून ठेवले. त्यांनी सगळे रीतसर केले होते. आठ दिवस आधी नातेवाइकांच्या ग्रुपवर लिहिले, ‘देव झोपतात, मीही झोपते. कुणावर राग नाही. फोन चालू आहे, संध्याकाळी सहानंतर करा.’ पहिल्या रविवारी अमेरिकेतल्या भाच्याचा फोन आला. दोन वर्षांत त्याचा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. रोजचे अंगठे आणि हसरे चेहरे तेवढे येत. चार मिनिटांत दोघांचेही बोलणे संपले. हवा, तब्येत, नोकरी, ठेवतो. पुढच्या रविवारी तो पुन्हा बोलला, आणि आईच्या हातच्या आमटीत नेमके काय असायचे ते विचारू लागला. गणपतीपर्यंत हे फोन अर्ध्या तासावर गेले. बाई खूश होत्या. सकाळी डोळे उघडले की आधी खिडकी दिसते, असे म्हणायच्या.

कार्तिकीला त्यांनी फेसबुक उघडले. पहिल्या दिवशी वाढदिवस, सहली, दिवाळीचे किल्ले, नातवंडे यांतून वाट काढत त्या सप्टेंबरपर्यंत मागे गेल्या आणि तिथे थांबल्या. डी.एड.ला बरोबर असलेली, दोन वर्षे एका खोलीत राहिलेली त्यांची मैत्रीण भाद्रपदात गेली होती. मुलाने तिच्याच खात्यावर बातमी टाकली होती. खाली शंभरावर लोकांची ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. त्या यादीत बाईंचे नाव नव्हते. दोघी गेली कितीतरी वर्षे फक्त फेसबुकवरच बोलत. एकमेकींचा फोन नंबर कुणाकडेच नव्हता. तो कधी लागलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने त्या कराडला गेल्या. मैत्रिणीच्या यजमानांनी दार उघडले, क्षणभर पाहिले आणि म्हणाले, ‘तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, म्हणून मला वाटलं तुमचंही काही बरंवाईट झालं की काय. मुलाला मी दोनदा बघायला सांगितलं. तर तुमचं खातंच दिसेना.’ बाई संध्याकाळपर्यंत तिथे होत्या. त्यांनी मैत्रिणीचे जुने फोटो पाहिले, डी.एड.च्या वसतिगृहाच्या पायरीवर दोघी बसलेला एक फोटो त्यांनी मागून घेतला.

रजा घेतली ते चुकले, असे त्यांना वाटत नाही. पुढच्या आषाढीलाही त्या घेणार आहेत. पण परत आल्यावर त्यांनी शाळेत निकालपत्रक करायच्या तशी एक वही घेतली आणि तिच्यात फेसबुकशिवाय दुसरा कोणताच धागा उरलेला नाही, अशा माणसांची नावे लिहून काढली. अकरा नावे निघाली. कुणी बदलीच्या गावची शेजारीण, कुणी जुनी विद्यार्थिनी, कुणी मोडलेल्या भिशीतली मैत्रीण. अकराही जणींना त्यांनी एकच ओळ पाठवली: ‘तुझा फोन नंबर दे आणि माझा लिहून ठेव, कागदावर.’ आजवर सात जणींचे नंबर आले आहेत. उरलेल्या चौघींनी तो निरोप अजून पाहिलेला नाही. तेवढ्यासाठी बाई दर दोन दिवसांनी संध्याकाळी फेसबुक उघडतात, पाहतात आणि बंद करतात.